गाडी सरळ जात नव्हती

नागपुरात उन्हाळा आधी कानाला कळतो. होळी होऊन आठवडा उलटला की आमच्या ले-आउटमधल्या घराघरांतून पत्रा घासल्याचे आवाज येऊ लागतात. माळ्यावरून कुलर उतरतात, गंजलेले स्क्रू कुरकुरतात, कुणीतरी पंखा बोटाने फिरवून पाहतं आणि तो अर्धा वेढा घेऊन कण्हत थांबतो. मग सायकलवर वाळ्याच्या ताट्या बांधून एक माणूस हाका मारत जातो. त्याची हाक ऐकली की मी मनात दिवस मोजू लागतो. अजून दोन-अडीच महिने, मग नवतपा. नऊ दिवस सूर्य माणसाला घरात कोंडून ठेवतो आणि रस्त्यावर फक्त वावटळी फिरतात.

यंदाही मी ताट्या बसवल्या. स्टुलावर उभा राहून कडेचे पत्रे दाबले, टाकीत पाणी सोडलं. पहिलं पाणी वाळ्यातून झिरपलं आणि खोलीभर तो ओला, मातकट, गार वास पसरला. सुनंदा पलंगावर बसून माझ्याकडे पाहत होती. वास कसा आहे, असं मी तिला विचारलं नाही. आता विचारत नाही.

तीन वर्षांपूर्वी विचारलं होतं. ती म्हणाली होती, "यंदा वाळ्यात दम नाही. वासच येऊन नाही राहिला."

मला येत होता. पण आमच्या घरात माझ्या नाकाला किंमत नव्हती. शेजारच्या खोलीत एखादा रेझिस्टर जळला तर सुनंदा वासावरून कुठला भाग गेला ते सांगायची. म्हणून मला येणारा वास मी खोटा ठरवला आणि दुसऱ्या दिवशी ताट्यावाल्याशी भांडून आलो. तो बिचारा पुन्हापुन्हा ताटी नाकाशी नेऊन म्हणत होता, "साहेब, असली वाळा आहे गा, तुम्हीच पाहा ना." त्याचा तो गोंधळलेला चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो. त्या उन्हाळ्यात आम्ही ज्यांच्यावर ठपका ठेवला, त्या रांगेतला तो पहिला.

सुनंदा म्हणजे माझी बायको. तीस वर्षं तिने आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. मी कामठीच्या एका शाळेत भूगोल शिकवायचो, तिच्याआधी दोन वर्षं निवृत्त झालो. ती निवृत्त झाली त्या फेब्रुवारीत मला वाटलं होतं, आता दोघं कुठेतरी फिरायला जाऊ. मी नकाशेही काढून ठेवले होते. पण मार्चच्या एका सकाळी चहा घेता घेता ती म्हणाली,

"मले एक गाडी बनवाची आहे."

"कोणती गाडी?"

"रिमोटची. रॅलीची गाडी. बाजारात डब्यात भेटते तशी नाही. एकेक पार्ट निवडून, आणून, जोडून."

"काहून वं? आता या वयात?"

"काहून म्हंजे? तीस वर्षं पोराईले बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करणं शिकवलं. टेबलावर जे आलं ते बिघडूनच आलं. एक वस्तू तरी अशी पाह्यजे, का जी बिघडलेली नाही आन् जिले पयल्यांदा मीच चालू केलं."

मी नकाशे परत कपाटात ठेवले. शिवाय रॅलीच्या गाडीला जो रस्ता लागतो तो आमच्या दारातच होता. हुडकेश्वरच्या पुढे, जिथे शहर अजून पुरतं पोचलं नव्हतं, तिथे आमचं घर. समोर लाल मुरमाचा रस्ता, दोन्ही बाजूंना खाली प्लॉट, कोपऱ्याकोपऱ्यांवर हद्दीचे दगड, मध्येच एखादी बाभूळ, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून जाणाऱ्या उच्च दाबाच्या तारा. दुपारी त्या तारांची बारीक गुणगुण ऐकू यायची.

भाग निवडण्यात पूर्ण महिना गेला. तेवढी आनंदात मी तिला फार वर्षांत पाहिली नव्हती. बर्डीवर तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं दुकान आहे. प्रमोद त्याचं नाव, आता चाळिशीचा, तरी तिच्यासमोर अजून उभाच राहतो. तो म्हणाला, "मॅडम, मोटर ब्रशलेस घ्या. हवेसारखी पळते."

"नको रे. ब्रशवालीच दे. पयली गाडी आहे. बिघडली तर उघडून डोळ्यानं दिसलं पाह्यजे का काय बिघडलं."

बॅटरीचंही तसंच. हलकी, पातळ, जास्त ताकदीची लिथियमची बॅटरी तिने हातात घेतली आणि परत ठेवली. म्हणाली, ही उन्हात फुगते, फुगली की पेटते, आपल्या गावच्या उन्हाशी हिचं जमणार नाही. तिने जुन्या जातीची, वजनदार, निकेलची बॅटरी घेतली. टायर मुरमाचे, बारीक दाते असलेले. मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा कंट्रोलर धूळ न जाणारा. आणि सर्वांत जास्त वेळ लागला तो सर्व्हो निवडायला. सर्व्हो म्हणजे पुढची चाकं वळवणारी काडेपेटीएवढी मोटर. रिमोटवरचं छोटं चक्र बोटांनी जेवढं फिरवाल तेवढीच ती चाकं फिरवते, ना जास्त, ना कमी.

"मोटर म्हंजे गाडीचे पाय," तिने मला समजावलं, "आन् सर्व्हो म्हंजे मनगट. रॅलीत पायानं कोणी जिंकत नाही. मनगटानं जिंकते."

म्हणून तिने सर्वांत चपळ, सर्वांत हळवा सर्व्हो निवडला. केसाएवढी हालचालही जो ओळखेल असा. दुकानातून निघताना तो डबा तिने पिशवीत टाकला नाही, हातातच धरला. तोच आमच्याशी खरं बोलणार होता, हे त्या दुपारी दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

एप्रिलमध्ये जेवणाच्या टेबलावर गाडी उभी राहू लागली. आम्ही दोघं स्वयंपाकघरात खाली बसून जेवू लागलो. बाहेर डांबर मऊ व्हायला लागलं होतं, दुपारी घारीसुद्धा दिसत नसत. मी शेजारी बसून स्क्रूंच्या वाट्या सांभाळायचो. रिमोटला मात्र हात लावायचा नाही ही तिची अट होती. पहिल्यांदा ती चालवणार, मग मी.

आज मागे वळून पाहतो तेव्हा त्या टेबलावर सगळं मांडून ठेवलेलं दिसतं. तेव्हा दिसलं नाही. तिचं सोल्डरिंग आयटीआयमध्ये नमुना म्हणून दाखवलं जायचं. तिने दिलेला टाका दवाच्या थेंबासारखा गोल आणि चकचकीत असायचा. मोटरच्या तारेला तिने दिलेला टाका मात्र मळकट, गोळ्यासारखा झाला. तिने तो काढला. पुन्हा दिला. पुन्हा काढला.

"लाइटीले व्होल्टेज नाही. आयर्न तापून नाही राहिला," ती म्हणाली.

उन्हाळ्यात व्होल्टेज उतरतंच. मी मान डोलावली.

गाडीची वरची टोपी पारदर्शक प्लास्टिकची असते, तिला आतून रंग द्यावा लागतो. तिने निळा रंग निवडला, मधून एक पांढरा पट्टा. पट्ट्याची एक कड सरळ आली आणि दुसरी कड पाण्यावरच्या रेघेसारखी हलली. "रंग पातळ होता," ती म्हणाली. आणि तिची वही! कुठला स्क्रू कुठे, कुठली तार कुठल्या रंगाची, सगळं ती वहीत लिहायची. पहिल्या पानावरचं अक्षर ठसठशीत, फळ्यावर लिहिणाऱ्या बाईचं. पुढे पुढे ते लहान होत गेलं. शेवटच्या पानांवर तर मुंग्या चालल्यासारखं. मी चष्म्याचा नंबर तपासून घेतला. माझ्या चष्म्याचा.

गाडी तयार झाली तेव्हा मे लागला होता. पहाटे साडेपाचला आम्ही बाहेर पडलो. त्यानंतर ऊन उभं राहू देत नाही. रस्त्यावर कुणी नव्हतं. मुरूम रात्रभराने थोडा निवला होता. सुनंदाने गाडी रस्त्याच्या मधोमध ठेवली, दहा पावलं मागे आली, रिमोट दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडे पाहून हसली. लग्नाच्या वेळी फोटोग्राफरने सांगूनही ती अशी हसली नव्हती.

गाडी निघाली. मागे लाल धुळीचा पिसारा उठला. मी टाळ्या वाजवल्या आणि मग माझे हात हवेतच थांबले. गाडी सरळ जात नव्हती. रस्ता सरळ होता, ती मात्र सापासारखी डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे जात होती. फार नाही, बोट-दोन बोटं, पण सारखी. सुनंदाने ती थांबवली. आम्ही जवळ गेलो. गाडी उभी होती आणि तिची पुढची दोन चाकं थरथरत होती. थंडी वाजणाऱ्या लहान जनावरासारखी.

"सर्व्हो खराब निघाला," सुनंदा म्हणाली. तिने वाकून गाडी उचलली आणि घराकडे चालू लागली. मी मागून पाहत होतो. तिचा डावा हात चालताना मागेपुढे होत होता. उजवा हात गाडी बगलेत धरून होता, म्हणून तो हलत नसावा असं मला वाटलं.

दोष शोधण्याचा तिचा एक नियम होता, तिच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जे बदललं ते लिहायचं. फरक पडला नाही तर त्यावर फुली मारून पुढे जायचं. घाई करायची नाही, आणि आवडत्या भागाला सूट द्यायची नाही. त्याच दिवशी तिने वहीत आकडे घालून यादी केली.

सर्व्हो घेऊन आम्ही प्रमोदकडे गेलो. त्याने तो तपासायच्या छोट्या यंत्राला लावला. सर्व्होचा दांडा डावीकडे गेला, उजवीकडे गेला, मध्ये आला आणि दगडासारखा थांबला. प्रमोद म्हणाला, "मॅडम, हा तर एकदम बढिया आहे." तिने मान हलवली. तिचा उजवा हात काउंटरच्या काचेवर होता. अंगठा पहिल्या बोटावर हळूहळू घासत होता, चिमटीतून मीठ सोडावं तसा, आणि थांबत नव्हता. प्रमोदने त्या हाताकडे पाहिलं. मग कपाटाकडे वळून उगाच काहीतरी शोधू लागला.

दुकानाच्या पायऱ्यांवर त्याने मला थांबवलं. सुनंदा पुढे गेली होती.

"सर, मॅडमले बरं नाही का?"

"ऊन लागलं असन," मी म्हणालो.

फार लवकर म्हणालो. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलं, आणि स्कूटरची किक मारताना मला जाणवलं की हे उत्तर माझ्यापाशी आधीपासून तयार होतं.

तरी दुसरा सर्व्हो आणला. चाकं थरथरली. मग विजेचा दाब स्थिर राहावा म्हणून एक जादा कपॅसिटर जोडला. थरथरली. रिमोटचा इशारा पकडणारा रिसीव्हर बदलला. थरथरली. मग संशय डोक्यावरच्या उच्च दाबाच्या तारांवर गेला. एका पहाटे आम्ही गाडी घेऊन पार प्रताप नगरपर्यंत गेलो, तिथल्या एका मोकळ्या मैदानावर. तिथे वर फक्त आभाळ होतं, पांढरं, तापायच्या तयारीत असलेलं. फिरायला आलेली दोन-चार माणसं कौतुकाने थांबली. गाडी सापासारखी गेली आणि सापासारखी आली. परत येताना सुनंदा मागे रिमोट मांडीवर धरून बसली होती.

नवतपा लागला. त्या दिवसांत दुपारी घराबाहेर आवाजच नसतो. दाराच्या फटीतून येणारी उन्हाची तिरीप फरशीवर एखाद्या पात्यासारखी पडून असते, आणि वाऱ्याने गेट हललं तरी कोण आलं म्हणून दचकायला होतं. अशाच एका दुपारी सुनंदा झोपली होती. गाडी टेबलावर होती, स्टीलच्या डब्यावर टेकवलेली, चाकं अधांतरी. शेजारी रिमोट.

मी का उठलो ते मला सांगता येत नाही. मी रिमोट चालू केला, मग गाडी. हाच क्रम असतो हे पाहून पाहून ठाऊक होतं. उजव्या हाताची बोटं चक्रावर ठेवली आणि चाकांकडे पाहिलं.

चाकं स्थिर होती.

मी चक्र डावीकडे फिरवलं. चाकं वळली आणि थांबली. उजवीकडे फिरवलं. थांबली. मध्ये आणलं. काळ्या टायरवरचे बारीक दाते मोजता यावेत इतकी ती स्थिर होती. कुलर घरघरत होता. मी वाट पाहत उभा राहिलो. मनात त्या चाकांना अक्षरशः विनवत होतो, हला गं, एकदा तरी हला, माझ्याही हातात थरथरा. कुठल्याच नवऱ्याने कधी खेळण्यापुढे अशी भीक मागितली नसेल. चाकं हलली नाहीत.

मी रिमोट बंद करून जसा होता तसा ठेवला. ती उठली तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो.

"गाडीले हात लावला का?"

"नाही."

चाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी खोटं बोललो नाही असं नाही. पण ते खोटं बोलताना तोंडात जी चव आली ती पूर्वी कधी आली नव्हती. आणि मी तेवढ्यावर थांबलोही नाही. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आता रिमोटच राहिला. नवा मागवा लागन," तर मी म्हणालो, "मागव." रिमोट बाहेरगावाहून यायचा होता. त्याला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी तिच्याकडे चोरासारखा पाहत होतो. चहात साखर ढवळून झाल्यावरही बशीत चमचा किणकिणत राही. चालताना उजवा हात बगलेत काही नसतानाही हलत नसे. ती पाहू लागली की मी खिडकीबाहेर पाही. बाहेर खाली प्लॉटमध्ये वावटळ उठायची, सुकी पानं आणि प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन वर वर जायची, आणि कुठलंही कारण नसताना आमच्या कुंपणाकडे सरकू लागायची. तीस वर्षं मी मुलांना वादळं कशी तयार होतात ते शिकवलं. हवेचा दाब कुठे कमी झाला हे पाहा म्हणायचो. माझ्याच घरात तो कमी झाला होता, आणि मी रिमोटची वाट पाहत होतो.

रिमोट आला. सकाळचे दहा वाजले होते. सुनंदाने तो जोडला, गाडी डब्यावर ठेवली, चक्र धरलं. चाकं थरथरली. मग तिने रिमोट टेबलावर ठेवला आणि हात काढून घेतला.

चाकं थांबली.

"पाहा," ती म्हणाली. रिमोट उचलला. थरथर. ठेवला. शांत. उचलला. थरथर. एखाद्या वर्गापुढे प्रयोग करून दाखवावा तसं तिने हे तीनदा केलं, आणि मग ती खुर्चीवर बसली.

"हे मले पयल्याच दिवशी समजलं होतं. त्या दिवशी संध्याकाळीच रिमोट खाली ठेवला आन् चाकं थांबली."

"पयल्या दिवशी? मग सर्व्हो, रिसीव्हर, ते प्रताप नगर... हे सारं काहून केलं वं?"

"बाकी सारं बरोबर आहे हे पक्कं कराचं होतं. एकही पार्ट राह्यला असता तर मी त्याच्यावरच ढकललं असतं." मग थोडं थांबून, "आन् थोडे दिवसही भेटले."

मी शेजारची खुर्ची ओढून बसलो.

"तुम्हाले समजून आठ दिवस झाले," ती म्हणाली.

"तुले कसं..."

"गाडीचा स्विच चालूच ठेवून दिला होता तुम्ही. बॅटरी पुरी उतरली होती."

तिने वही उघडली. यादी होती. सर्व्हो, वीज, रिसीव्हर, वरच्या तारा, रिमोट, प्रत्येकासमोर फुली. शेवटच्या ओळीत मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, चालवणारीचा हात. त्यासमोर काहीच नव्हतं. तिने पेन घेतला आणि खूण केली. साधी, बरोबरची खूण. ती करायला तिला जो वेळ लागला, तेवढ्यात मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढावा की ठेवावा ते मला कळेना. ती रडली नाही. रडलो ते मी, आणि तिने मला पाणी आणून दिलं. अर्धं वाटेत सांडलं.

डॉक्टरांनी तिला चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, एक वाक्य लिहायला लावलं आणि ते वाक्य बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "वास येतो का तुम्हाला? फुलांचा, मसाल्याचा?"

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. "वाळ्याचा येत नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कंपवात हे नाव उच्चारलं तेव्हा त्यांच्या खोलीत फार गार होतं. हा रोग जात नाही, हळूहळू पुढे सरकतो, गोळ्यांनी बरीच वर्षं काबूत राहतो, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, इतक्या लवकर सहसा लोक येत नाहीत, तुमच्या कसं लक्षात आलं?

"गाडीनं सांगितलं," सुनंदा म्हणाली. डॉक्टर हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मग मला एक गोष्ट सापडली आणि मी फार खूश झालो. नव्या रिमोटच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की बोटांची बारीकसारीक हालचाल रिमोटने मानायचीच नाही अशी सोय त्यात आहे. एक आकडा वाढवायचा, बस. मी धावत तिच्याकडे गेलो. आता गाडी सरळ जाईल, तूच चालव, म्हणालो.

"माहीत आहे मले," ती म्हणाली. "तो आकडा वाढवला का गाडीले माझा हात दिसणार नाही. पण मग कंप किती वाढून राहिला ते मलेही दिसणार नाही. राहू द्या."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी ती गाडी डब्यावर ठेवते, चक्रावर बोटं ठेवते आणि दोघं चाकांकडे पाहतो. गोळ्या सुरू झाल्यावर काही महिने चाकं जवळजवळ शांत झाली होती. तशा पहिल्या रविवारी मी जिलेबी आणली. नंतर पुन्हा हलू लागली. डॉक्टर गोळ्या वाढवतात, चाकं निवतात, पुन्हा हलतात. त्या छोट्या काळ्या चाकांची मला इतकी भीती वाटते की रविवार उजाडूच नये असं वाटतं.

गाडी चालवायला तिने मला दिली. "तुम्ही चालवा. मी सांगते," ती म्हणाली. खऱ्या रॅलीत दोघं असतात, एक चालवतो आणि दुसरा शेजारी बसून पुढचं वळण आधीच ओरडून सांगतो. चालवणाऱ्याला धुळीत काही दिसत नाही, त्याने फक्त ऐकायचं. ती आमच्या रस्त्यावर पायी फिरली, दगड, खड्डे, वळणं वहीत लिहून घेतली. तिचं अक्षर मला वाचता येत नव्हतं म्हणून तीच वाचायची. "डावं, आखूड! पुढं गिट्टी! उजवं, मोठं, सोडा, सोडा, आता धरा!" मी पहिल्याच आठवड्यात गाडी हद्दीच्या दगडावर आपटली. पुढचा दांडा मोडला, तार सुटली. ती टाळी देऊन हसली. मग टेबलाशी मला बसवलं, आयर्न माझ्या हातात दिला आणि शेजारी उभं राहून म्हणाली, "आधी तार तापवा, मग टाका. घाई नाही. हं. आता काढा." मी आयुष्यात दिलेला तो पहिला टाका. वाईट होता. तिने चालवून घेतला.

आता त्यानंतरचा तिसरा उन्हाळा. समोरच्या प्लॉटांवर घरं उठलीत, एका बाजूला सिमेंटचा रस्ता झालाय, आमच्या वाट्याला मुरमाचा एकच तुकडा उरलाय, तोही विटांच्या आणि सळयांच्या ढिगांमधून. तरी पहाटे आम्ही निघतो. सुनंदाला मी प्लास्टिकच्या खुर्चीत रस्त्याच्या कडेला बसवतो. वही आता तिला लागत नाही, रस्ता पाठ आहे.

मागच्या महिन्यात प्रमोदचा फोन आला होता. तो सारखा म्हणत होता, "मॅडम, आवाज कटून राहिला. ऐकू नाही येत." आम्ही ठरवलं की नेटवर्क नाही. मग आम्ही तिचा फोन बदलला. नव्या फोनवरही तो तसंच म्हणाला. त्याच्याच भागात काहीतरी गडबड असेल, असं मीच सुनंदाला समजावलं, आणि ती माझ्याकडे पाहत राहिली.

काल पहाटे वारा अजिबात नव्हता. पानही हलत नव्हतं. मी गाडी सोडली, ती सुसाट निघाली, धूळ उठली आणि ढिगांच्या मागे गाडी दिसेनाशी झाली. आता तिने सांगायचं होतं. मी चक्रावर बोटं ठेवून ऐकत होतो. काही आलं नाही. आणखी एक क्षण थांबलो. पुढे कुठेतरी सळयांवर प्लास्टिक फुटल्याचा आवाज झाला.

"काहून वं, सांगितलं नाही?" असं म्हणत मी वळलो.

ती माझ्यापासून पाच पावलांवर होती. खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसली होती, मानेच्या शिरा ताणलेल्या, नजर धुळीत रुतलेली. तिचे ओठ हलत होते, आवाज मात्र माझ्यापर्यंत पोचत नव्हता. ती एकेक वळण, नीट, क्रमाने, ओरडून सांगत होती.